स्वस्त पोलादाचा धूर

डोंबिवली (पूर्व)
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

चि. अपूर्व यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी इकडे खुशाल. तुझी खुशाली काल संध्याकाळीच कळली, कारण मी निघताना तू केबिनच्या काचेआडून हात हलवलास. तो ‘अच्छा’ होता, ‘थांब’ होता की ‘आता जा बाई’ होता, यावर मी शीळफाट्याच्या कोंडीत भरपूर चिंतन केलं. निर्णय झाला नाही. ड्रायव्हरलाही विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, भाऊ आहे ना? मग तिन्ही.”

आईचा गुडघा कुरकुर करतो, आई करत नाही. हॉलंडचं काम मिळालं तर टिटवाळ्याच्या गणपतीला एकवीस मोदक, असं तिने कबूल केलंय. मी म्हटलं, आई, तू देवालाही टेंडरमध्ये ओढलंस. तर म्हणाली, “अपूर्वने सांगितलंय, सगळं झालंय, फक्त तुझी सही राहिलीये. मग सहीसाठी वेगळे मोदक बोलू का?”

म्हणजे तू आईला फोन करतोस, मला नाही. ठीक आहे. म्हणून हे पत्र. आपल्या ऑफिसचा भिवा डोंबिवलीतच राहतो, सोमवारी सकाळी तो तुझ्या टेबलावर ठेवील. त्याने आजच विचारून घेतलं, “मॅडम, व्हॉट्सअॅप बंद पडलं काय?” मी सांगितलं, आमच्या घरी भांडणं कागदावर होतात. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आदर म्हणता येईल असं वाटत नाही.

बाबांचा नियम तू विसरला नसशील. शाळेत संस्कृत शिकवून घरी आलेला माणूस आपली भांडणंसुद्धा शास्त्रार्थासारखी चालवायचा. आधी हकिगत, दोघांना मान्य होईल अशी. मग पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याने स्वतः मांडलं असतं त्याहून चांगलं मांडायचं. तो ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणाला, तरच आपलं उत्तर द्यायचं. कल्याणच्या घरी सायकलवरून भांडलो तेव्हा तू माझा पूर्वपक्ष इतका मन लावून मांडलास की शेवटी सायकल मलाच देऊन टाकलीस, आणि मग ओट्यावर बसून रडलास. बाबा म्हणाले होते, या मुलाच्या अंगात न्याय आहे, फक्त तो उशिरा उतरतो.

तर हकिगत. तुला माहीत असली तरी वाच.

हॉलंडच्या एका कंपनीला नव्वद मीटरचं मालवाहू जहाज कोकणातल्या यार्डात बांधून घ्यायचं आहे. त्याचा पहिला आराखडा कोण करणार, यासाठी तीन-चार जण स्पर्धेत आहेत. त्यातले एक आपण, ‘त्र्यंबक नौरचना, वागळे इस्टेट, ठाणे’. बाबांचं नाव तूच दिलंस, आणि पाटी लावताना तुझेच डोळे भरले होते, हेही हकिगतीत येतं. हॉलंडवाल्यांची अट अशी की नुसता आराखडा नको. जहाजाला जे जे लागणार, पोलादापासून पंपापर्यंत, ते बनवताना आणि यार्डापर्यंत आणताना किती कार्बन हवेत जाईल, त्याचा अंदाज आत्ताच द्या. तो अमुक मर्यादेच्या आत हवा. खाली तांत्रिक प्रमुखाची सही हवी. तांत्रिक प्रमुख मी. मुदत शुक्रवार, चौदा तारीख.

आता या टप्प्यावर जहाज म्हणजे कागदावरची एक केळ्यासारखी रेघ. पोलाद कुठल्या गिरणीचं, इंजिन कुणाचं, काहीच ठरलेलं नसतं. तेव्हा आपण वस्तूचं वजन धरतो आणि तशा एक टन वस्तूमागे साधारण किती धूर निघतो त्याने गुणतो. वजनच माहीत नसेल तर किंमत धरतो आणि रुपयामागे किती धूर, असं गुणतो. केबल, पंप, खलाशांच्या गाद्या यांना हे चालून जातं. तक्ता करणाऱ्या साकेतने घाईत पोलादालाही रुपयाच लावला. मी रागावले नाही. तो म्हणाला, “मॅम, तेव्हा वजन आलंच नव्हतं. नंतर आलं, पण तोवर आकडा छान दिसायला लागला.” इतकं प्रामाणिक वाक्य आपल्या ऑफिसात बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

आकडा छान का दिसायला लागला? तर आपल्या प्रफुल्लने खरेदी खात्याचं नाव राखलं. दुसऱ्या एका गिरणीकडून पोलादाचा भाव अठरा टक्के खाली आणला. भाव पडला, तक्त्यात पोलादाचा धूरही अठरा टक्क्यांनी पडला, आणि जहाज मर्यादेच्या आत जाऊन बसलं. तू समोसे मागवलेस. मी दोन खाल्ले, ते कबूल. तिसऱ्याच्या आधी मी प्रफुल्लला विचारलं, ही गिरणी इतकी स्वस्त कशी? तो म्हणाला, “जुनी कोळशाची भट्टी आहे ना मॅडम, त्यांना काय पडतं! पण मी कार्बन-बिर्बन काही केलेलं नाही हां. मी फक्त भाव पाडला.”

म्हणजे जे पोलाद जास्त काळं, तेच आपल्या तक्त्यात जास्त गोरं झालं. तिसरा समोसा मी ठेवून दिला.

आता तुझा पूर्वपक्ष. नीट वाच.

तू म्हणतोस, हा अंदाज आहे, हिशेब नव्हे. सुरुवातीच्या आराखड्यात कुठल्याही अंदाजात तीस टक्के इकडेतिकडे होतात, ते हॉलंडवाल्यांनाही ठाऊक आहे. किमतीवरून अंदाज करायची पद्धत त्यांच्याच नियमावलीत आहे, आपण चोरून आणलेली नाही. बाकीचे स्पर्धकही तीच वापरणार. ते मर्यादेच्या आत आणि एकटे आपण बाहेर, तर आपला आराखडा कुणी उघडूनही पाहणार नाही. पुढे पोलाद विकत घ्यायची वेळ आली की गिरणीचे खरे आकडे येतील आणि तेव्हा सगळं दुरुस्त करता येईल. गेल्या वर्षी दोन कामं हातची गेली. ऑफिसात बावीस माणसं आहेत, म्हणजे बावीस घरं. ताईच्या एका सहीसाठी बावीस घरं टांगून ठेवायची, हा शहाणपणा नसून सोवळं आहे.

शेवटचा शब्द तुझाच. मी तो सुधारला नाही.

यात काही राहिलं असेल तर भर घाल. बरोबर असेल तर ‘बरोबर’ असं कळव. तोवर मी उत्तर देणार नाही. सही तर मुळीच नाही.

काल सगळ्यांसमोर तू मला जे म्हणालास, ते या पत्रात घेतलेलं नाही. त्याला पूर्वपक्ष नसतो.

घरी मेघनाला सांग, तिने पाठवलेलं लिंबाचं लोणचं आईने माझ्यापासून लपवून ठेवलंय, म्हणजे उत्तम झालंय.

सक्तीच्या विश्रांतीवर असलेली,
ताई


डोंबिवली (पूर्व)
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. अपूर्व यास,
पुन्हा तेवढेच आशीर्वाद. कमी केलेले नाहीत.

तुझं उत्तर मिळालं. मी चार पानं लिहिली आणि तू व्हॉट्सअॅपवर एक अंगठा पाठवलास. पूर्वी अंगठा निरक्षर लोक उठवत, हल्ली डायरेक्टर उठवतात. खाली ओळ होती, “बरोबर मांडलंस. पण शुक्रवारपर्यंत सही लागेल. प्लीज.” चालेल. ‘बरोबर’ हा शब्द आला, नियम पुरा झाला. आता माझी पाळी.

अंदाज आहे, कबूल. अंदाजाला मी घाबरत नाही, माझा जन्म त्यात गेला. बाबा आपल्याला कल्याणच्या गच्चीवर उभं करून मलंगगडाकडे बोट दाखवायचे. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे आग आहे. उन्हाळ्यात तिथे खरंच गवत पेटलेलं असायचं, त्यामुळे आपल्याला वाटायचं की तर्कशास्त्र ही बाबा आणि वनखातं यांनी मिळून केलेली व्यवस्था आहे. माझा धंदा त्याच्या बरोबर उलट निघाला. भट्टी अजून ठरलेली नाही, आग पेटलेली नाही, आणि मी धूर मोजायला बसते. चुकणारच. दहा टक्के, वीस टक्के, तू म्हणतोस तसे तीससुद्धा. शंभर ग्रॅम इकडेतिकडे दाखवणारा वजनकाटा मी खुशाल वापरेन. पण जाडा माणूस चढला की काटा खाली येतो, असा वजनकाटा मी वापरणार नाही, मग तो नियमावलीत असो की देव्हाऱ्यात.

आपला तक्ता तसा आहे. उद्या प्रफुल्लने त्याहून काळी, त्याहून स्वस्त गिरणी शोधली तर आपलं जहाज आणखी पवित्र होईल. फुकट पोलाद मिळालं तर धूर शून्य.

आईला मी हे काल सांगितलं. ती दुधी किसत होती. म्हणाली, “म्हणजे मी हा दुधी घासाघीस करून घेतला, तर तो हलका झाला असं तुमचं ऑफिस म्हणतं?”
“हो.”
“आणि अपूर्वला हे कळतंय?”
“कळतंय.”
तिने किसणी ताटात झटकली. म्हणाली, “त्याला लहानपणी दुधी आवडायचा नाही.” तुझ्या बचावासाठी आई याहून पुढे जाऊ शकली नाही, याची नोंद घे.

‘नंतर दुरुस्त करू’ म्हणतोस. नंतर कधी? आज जहाज कागदावर आहे. एक रेघ पुसायची तर खोडरबर लागतो. नंतर तीच रेघ पुसायला गॅस कटर लागेल. लांबी किती, वेग किती, पत्रा किती जाड, इंजिन केवढं, हे सगळं याच महिन्यात ठरतं, आणि एकदा ठरलं की धूरही ठरला. पुढे कुणी कितीही खरे आकडे आणले तरी ते बारशानंतर मुहूर्त पाहिल्यासारखं. म्हणून तर त्या लोकांनी अंदाज आत्ता मागितला. ते मूर्ख आहेत असं धरून चाललास तर तुझा युक्तिवाद फार भक्कम आहे.

‘सगळे असंच करतात.’ हे वाक्य तू बाबांसमोर नववीत एकदा म्हणाला होतास, कॉपीच्या प्रकरणात. दुसऱ्यांदा म्हणायची तुझी हिंमत झाली नाही. ते गेले म्हणून आता माझ्यासमोर म्हणतोस, यात मी माझा सन्मानच समजते.

राहिली बावीस घरं. इथे माझ्याकडे विनोद नाही.

त्या घरांपैकी एक माझं आहे, हे तू मोजताना विसरलास की मुद्दाम धरलंस, ते मला कळलं नाही. मला सगळ्यांची नावं माहीत आहेत. भिवाच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. साकेतने शहाडला फ्लॅट बुक केलाय. हे सगळं समोर ठेवूनच मी बसले होते. पोलादाची ऑर्डर निघेल तेव्हा गिरणीचं प्रमाणपत्र हॉलंडला जाईल, तिथे कुणीतरी गुणाकार करील, आणि बाबांचं नाव ज्या काळ्या यादीत जाईल तिथून ते परत येणार नाही, हे तुला मी वेगळं सांगायला नको. पण मी नाही म्हणते ती पकडले जाऊ म्हणून नाही. पकडले गेलो नसतो तरी नाहीच म्हटलं असतं. पकडलं जाण्याचं इथे लिहिलं, कारण तुझ्या बाजूने विचार करायचा म्हणजे तेही लिहावं लागतं.

आता गेल्या शुक्रवारचं.

साकेत, प्रफुल्ल, चहा घेऊन आलेला भिवा, सगळे उभे असताना तू म्हणालास, “ताई, तुला आता झेपत नाही. थोडे दिवस घरी बस.” आणि तासाभराने माझ्या कॉम्प्युटरने मला ओळखायचं सोडून दिलं. आईला मी सांगितलं की कॉम्प्युटर बिघडलाय. तिने विचारलं, “दोघांचे बिघडले की तुझाच?” मला झेपत नाही, हे तू मला दारामागे सांगितलं असतंस तर मी हसले असते आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले असते. तू ते अशा माणसांसमोर सांगितलंस ज्यांना मी जहाजाचा गुरुत्वमध्य काढायला शिकवलं. यावर मी जास्त लिहिणार नाही. घरी बस म्हणालास, बसले. आता घरी बसून काय केलं तेही ऐक.

शनिवारी तुला पत्र लिहून झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. वजनांचा तक्ता साकेतने माझ्याच सांगण्यावरून जानेवारीत केला होता, त्याची प्रत माझ्याकडे होती. त्याला यात ओढू नकोस. पोलादाला वजन लावलं, गिरणी तीच धरली. जहाज मर्यादेच्या बाहेर गेलं. थोडंथोडकं नाही, आठ-नऊशे टनांनी.

मग मी तुझ्यासारखा विचार केला, म्हणजे काम मिळवायचंच आहे असा. कमाल वेग एका नॉटने उतरवला. त्याने इंजिन लहान झालं, इंजिनाखालचा पाया हलका झाला. डेकवरची अवजड क्रेन काढली, बंदरावर क्रेन असतेच. सांगाड्याची आखणी बदलली. पोलाद जुन्या भट्टीऐवजी भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचं धरलं, तेही असं की त्या भंगारात मोडलेली जहाजंच जास्त. बाबांना हे आवडलं असतं. जीर्ण वस्त्रं टाकून नवी घालायची गोष्ट ते आत्म्याबद्दल सांगायचे, पत्र्याबद्दलही चालली असती. भाव प्रफुल्लच्या गिरणीहून चढा पडतो, आणि वेग हॉलंडवाल्यांनी मागितला त्याहून कमी. दोन्ही मी लपवलेलं नाही. आणि शेवटी एक आकडा दिलेला नाही, पट्टा दिलाय: इथपासून इथपर्यंत. त्या पट्ट्याचा एक काठ मर्यादेच्या आत येतो, दुसरा बाहेर राहतो. आज एवढंच माहीत आहे, म्हणून एवढंच लिहिलं.

‘लिहिलं’ या क्रियापदावर तू थांबला असशील.

हो. काल दुपारी मी ते पाठवलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून माझं नाव काढायचं तुला सुचलं, पण हॉलंडवाल्यांच्या पोर्टलवर तांत्रिक प्रमुखाचं खातं माझ्या नावाचं आहे. ते तूच माझ्या नावाने काढायला लावलंस, कारण तुझ्या डोक्यात पासवर्ड राहत नाहीत. हा पासवर्ड खरं तर राहायला हवा होता. बाबांनी तुझ्याकडून तो शब्द आठही विभक्त्यांत घोकून घेतला होता.

तुझा तक्ताही त्यासोबत जोडलाय. काढून टाकला नाही. शेजारी एक टीप आहे, की आमच्याच ऑफिसात हा अंदाज आधी किमतीवरून केला होता, त्यात स्वस्त पोलाद स्वच्छ ठरत होतं, म्हणून तो मागे ठेवून हा दुसरा देत आहोत. ‘आहोत’ असं लिहिलंय. ‘आहे’ लिहिता आलं असतं. खाली सही माझी.

आता तू दार आपटशील, फोन करशील, ‘तू मला विचारायला हवं होतंस’ म्हणशील. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मग मी ते तुझ्या नकारावर पाय ठेवून केलं असतं. तेवढ्यापासून तुला वाचवलं. माफी मागत नाहीये. राजीनामा मागशील तर तोही देणार नाही. काढायचं असेल तर काढ, पण पत्र लिहून काढ, पूर्ण वाक्यांत.

अजून एक वाट आहे आणि ती तुला सांगणं माझं काम आहे. पाठवलेला प्रस्ताव शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मागे घेता येतो. त्याला तांत्रिक प्रमुखाची सही लागत नाही, डायरेक्टरची लागते. गेला आठवडाभर तू माझ्या सहीची वाट पाहत होतास, आता सगळं तुझ्या सहीवर आलंय. त्या पानावर एक चौकट आहे, तिथे मागे घेण्याचं कारण लिहायचं असतं. तिथे तू काय लिहिशील, याची मला खरोखर उत्सुकता आहे.

पण नियम तुलाही लागू आहे. मी तुझा पूर्वपक्ष मांडला, तू अंगठा दिलास. आता माझा पूर्वपक्ष तू मांड. मी मांडला त्याहून चांगला, माझ्याइतकीच खात्री असल्यासारखा, कागदावर, हाताने. मी ‘हेच माझं म्हणणं’ असं म्हटलं की मग खुशाल मागे घे, मी हरकत घेणार नाही. भिवाला मी उद्या आणि परवा संध्याकाळी इकडे थांबायला सांगितलंय. तो म्हणाला, “मॅडम, सरांना लिहायला वेळ लागला तर?” मी म्हटलं, लागू दे. सायकलच्या वेळीही लागला होता.

रविवारी संकष्टी आहे. आईने मोदकांची अट काढून टाकलीये. काम मिळो न मिळो, टिटवाळ्याला जायचंच, म्हणते, आणि गाडी अपूर्वच चालवील. “भांडलेला असला तरी?” विचारलं. “भांडलेला असला तर हळू चालवतो,” म्हणाली.

कॉम्प्युटर मला ओळखो वा न ओळखो, सोमवारी नेहमीच्या वेळी, डबा घेऊन, माझ्या टेबलाशी येऊन बसणारी,

तुझी ताई

आणि ते पान उघडून पाहिलंस तर तिथे जशी दिसेल तशी:
आसावरी त्र्यंबक जोगळेकर,
तांत्रिक प्रमुख, त्र्यंबक नौरचना